छापा, काटा आणि हात



सर आम्हाला सातवीला इतिहास शिकवत. शिवकालाचा धडा आला की ते खिशातून रुमालात बांधलेली एक शिवराई काढत आणि पहिल्या बाकावर ठेवत. बाकाबाकांवरून फिरत ती शेवटच्या रांगेपर्यंत जाई आणि परत त्यांच्या हातात येई. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. माझ्या हातात आली तेव्हा ‘राजा’मधला ‘जा’ निम्माच उरला होता. मी विचारले, ‘‘सर, हे कुणी पुसलं?’’ सर म्हणाले, ‘‘बाजारानं.’’

पुढची पस्तीस वर्षे मी रोमन नाण्यांच्या अभ्यासात घालवली, आणि आज त्यांच्या नावाने उभी राहून बोलते आहे ती त्या एका उत्तराविषयी. नाण्यावर राजा काय छापतो हे पुस्तकांत पुष्कळ सापडते. छापलेले नाणे लोकांच्या हातात गेल्यावर त्याचे काय होते, हे पाहायचे तर झिजलेली, कापलेली, ठोकलेली नाणी हातात घ्यावी लागतात. संग्राहक अशी नाणी बाजूला टाकतो. मला तीच महत्त्वाची वाटतात.

नाणे उडवताना आपण ‘छापा की काटा’ म्हणतो. रोममधली मुले ‘कापिता आउत नाविया’ असे ओरडत, म्हणजे ‘डोकी की जहाजे’. रोमच्या जुन्या ओतीव आस नाण्यावर एका बाजूला दोन तोंडांचा जानुस देव होता आणि दुसऱ्या बाजूला जहाजाची नाळ. पुढे जहाज गेले, जानुस गेला, सम्राटांची तोंडे आली. तरी मॅक्रोबियस हा लेखक इसवी सनाच्या पाचव्या शतकात लिहीत असताना मुलांच्या तोंडी जहाजच होते. टांकसाळीने चित्र बदलले म्हणून बोली बदलत नाही.

आता या नाण्यांच्या धातूविषयी थोडे बोलते, कारण तिथे एक गैरसमज आहे. संग्रहालयातल्या पाटीवर ‘रोमन कांस्य नाणी’ असे लिहिलेले असते. ते सोयीपुरते आहे. पहिला सम्राट ऑगस्टस याने इसवी सनापूर्वी २३ च्या सुमारास नाण्यांची घडी नव्याने बसवली, तेव्हा मोठी दोन नाणी, सेस्टर्शियस आणि दुपोन्दियस, पितळेची केली. आस आणि त्याचा चौथा हिस्सा असलेला क्वाद्रान्स शुद्ध तांब्याचे केले. पितळ करण्यासाठी तांबे आणि जस्ताचे खनिज बंद मुशीत एकत्र तापवत. जस्ताची वाफ तांब्यात मुरे. आज ही नाणी हिरवी-काळी दिसतात. टांकसाळीतून बाहेर पडताना सेस्टर्शियस मात्र चिंच लावून घासलेल्या समईसारखा पिवळा लखलखत असे. तो रंग डोळ्यांपुढे आणल्याखेरीज त्यावरच्या चित्राचा विचार करू नये.

हिशेब असा होता: चार आस म्हणजे एक सेस्टर्शियस, चार सेस्टर्शियस म्हणजे चांदीचा एक देनारियस, पंचवीस देनारियस म्हणजे सोन्याचा एक औरेयस. देनारियस हा शब्द आपल्याकडे ‘दीनार’ होऊन गुप्तकाळच्या लेखांपर्यंत पोहोचला. ऑगस्टसच्या सैन्यातल्या शिपायाला वर्षाला २२५ देनारियस मिळत, म्हणजे ९०० सेस्टर्शियस. पोम्पेईतल्या एका मद्यशाळेच्या भिंतीवर भाव लिहिलेले सापडले आहेत: एका आसला साधी दारू, दोनला जरा बरी, चारला फालेर्नुमची उंची. सार्वजनिक स्नानगृहात शिरायला एक क्वाद्रान्स पुरे. सोने सावकाराच्या आणि सरदाराच्या पेटीत राहिले. भाजीवाली, हमाल, शिपाई, गुलाम यांच्या हातांत होते ते हे पितळ आणि तांबे.

सम्राटाला बोलायला मोठी जागा मिळाली तीही याच हलक्या धातूत. सेस्टर्शियसचे वजन साधारण २५ ग्रॅम, आपल्या आजच्या दहा रुपयांच्या नाण्याच्या तिप्पट. व्यास साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. सोन्याच्या नाण्यावर कारागिराला नखाएवढी जागा, इथे तळव्याचा खळगा भरेल एवढी. ठसा कोरणारा सगळे उलटे कोरत असे, अक्षरेसुद्धा. सम्राटाच्या चेहऱ्याचा ठसा ऐरणीत बसवलेला, मागच्या बाजूचा ठसा हातात धरलेला, मध्ये धातूची चकती, आणि वरून घणाचा घाव. घाव सोसून वरचा ठसा लवकर फुटे, खालचा चेहरा जास्त टिके.

मागच्या बाजूला बहुधा दोन मोठी अक्षरे असतात, एस आणि सी: ‘सेनातुस कोन्सुल्तो’, सेनेटच्या ठरावाने. हा ठराव नेमका कशाचा, नाण्याचा, धातूचा की सम्राटाला दिलेल्या मानाचा, यावर अभ्यासकांनी शंभर वर्षे वाद घातला आहे. मी त्यात आज शिरत नाही.

चित्रे बघू. कॅलिगुला ३७ साली गादीवर आला आणि लगेच त्याने आपल्या तीन बहिणींना सेस्टर्शियसवर उभे केले: अग्रिपीना, द्रुसिला, युलिया. तिघींची नावे कोरलेली, आणि तिघी सुरक्षा, एकोपा आणि भाग्य या देवींच्या रूपात. पुढच्याच वर्षी द्रुसिला वारली. ३९ साली कॅलिगुलाने उरलेल्या दोघींना कट केल्याच्या आरोपावरून हद्दपार केले. नाणे मात्र बाजारात फिरतच होते, आणि त्यावर त्या दोघी भावाच्या राज्याची सुरक्षा आणि भाग्य होऊन उभ्या होत्या.

नीरोचे नाणे मला सर्वांत बोलके वाटते. तो सोळा वर्षांचा असताना सम्राट झाला. सोन्या-चांदीच्या सुरुवातीच्या नाण्यांवर कोवळा मुलगा दिसतो. दहा वर्षांनंतरच्या सेस्टर्शियसवर जाड मान, गालात रुतलेली हनुवटी, कपाळावर एकाखाली एक बसवलेल्या केसांच्या लाटा. कोणीतरी खोडसाळपणे असे कोरले असेल, असे नवख्याला वाटते. ते तसे नाही. त्याला असेच दिसायचे होते, भरलेले, ऐश्वर्याचे. त्याच्या एका सेस्टर्शियसवर ओस्तियाचे बंदर वरून पाहिल्यासारखे आहे: दोन्ही बाजूंना वळलेले धक्के, आत दाटीवाटीने गलबते, खाली आडवा पहुडलेला नदीदेव. दुसऱ्यावर जानुसच्या देवळाचे दार आहे, बंद केलेले. लढाई चालू असेपर्यंत हे दार उघडे ठेवायचे, शांतता झाली की लावायचे, अशी रीत होती. नाण्यावर लिहिले आहे की रोमन जनतेसाठी जमिनीवर आणि समुद्रावर शांती मिळवून सम्राटाने जानुसचे दार लावले. हे नाणे लोकांच्या हातात फिरत होते आणि ६६ साली ज्यूंच्या जूदिया प्रांतात बंड पेटले.

सम्राट हेड्रियनचे एक नाणे दाखवल्यावाचून मी पुढे जाऊ शकत नाही. ११८ साली त्याने सरकारी तिजोरीचे थकलेले येणे माफ केले आणि त्याची कागदपत्रे आधीचा सम्राट ट्राजन याच्या चौकात सर्वांदेखत जाळली. सेस्टर्शियसवर एक अधिकारी हातात पेटता पलिता घेऊन कागदांच्या ढिगाला आग लावतो आहे, आणि कडेने आकडा आहे: ९० कोटी सेस्टर्शियस. नाण्याच्या अंगावर रकमेसकट जाहीर झालेली कर्जमाफी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. शिपायाचा पगार तेव्हा वर्षाला १२०० सेस्टर्शियस झाला होता. म्हणजे साडेसात लाख शिपायांचा वर्षाचा पगार त्या ढिगात जळाला. हे चित्र पाहताना १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी जाळलेले सावकारांचे रोखे मला आठवतात. तिथे काडी सम्राटाच्या माणसाने लावली, इथे देणेकऱ्यांनी स्वतः. धूर कागदाचाच, पण पहिल्या धुराचे नाणे निघाले आणि दुसऱ्यासाठी सरकारने चौकशी समिती नेमली.

इथवर सम्राट बोलले. आता हातांकडे येते.

सम्राटाचा चेहरा साधा नव्हता. ऑगस्टसनंतरचा सम्राट टायबेरियस याच्या काळात ऑगस्टसची प्रतिमा असलेले नाणे किंवा अंगठी घेऊन शौचालयात अथवा वेश्यागृहात जाणाऱ्याला देहदंडापर्यंत खेचले जाई, असे चरित्रकार सुएटोनियस सांगतो. त्याने लिहिलेले सगळे जसेच्या तसे घेऊ नये. तरीही अशी गोष्ट रोममध्ये सांगितली गेली आणि लोकांना ती पटली, यावरून त्या छापाचा धाक कळतो.

पण सुट्टे नसले की धाक बाजूला राही. फ्रान्समधल्या नीम या गावी तेव्हा एक प्रसिद्ध नाणे पाडले जाई. पुढे ऑगस्टस आणि त्याचा सेनापती अग्रिप्पा एकमेकांकडे पाठ करून. मागे खजुराला साखळीने बांधलेली मगर, म्हणजे जिंकलेला इजिप्त. (ती मगर अजून नीम शहराच्या चिन्हात आहे.) ऱ्हाईन नदीकाठच्या छावण्यांत हे नाणे पुष्कळ सापडते, आणि पुष्कळदा अर्धे सापडते. मोड हवी म्हणून शिपायांनी छिन्नीने मधोमध कापलेले. एका तुकड्यावर ऑगस्टस आणि मगरीचे तोंड, दुसऱ्यावर अग्रिप्पा आणि शेपूट. माझ्या हातात असा तुकडा पहिल्यांदा आला तेव्हा मी किती तरी वेळ कापलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिले. कापणाऱ्याला राजद्रोह करायचा नव्हता, अर्ध्या किमतीचे काहीतरी घ्यायचे होते. तरी त्याने सम्राटाच्या आणि सेनापतीच्या मधून छिन्नी घातली होती.

दुसरी खूण प्रतिठशाची. जुन्या नाण्यावर छोटा शिक्का मारून त्याला नवा धनी द्यायचा. जर्मनीत काल्क्रीझे इथे १९८७ पासून जे रणक्षेत्र उकरले जात आहे, तिथल्या तांब्याच्या आस नाण्यांवर तीन जोडलेल्या अक्षरांचा ठसा आहे, ‘वार’: सेनापती वारुस. त्याने ती शिपायांना वाटली असावीत. इसवी सन ९ मध्ये त्याच्या तीन पलटणी जंगलात कापल्या गेल्या. त्यानंतरचे नाणे तिथे सापडत नाही. तो आस ज्याच्या कमरेच्या थैलीत होता त्याला त्यातून एक पेलाभर दारूही घेता आली नाही.

६८ साली नीरोने आत्महत्या केली, आणि गॉल प्रांतात, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे, त्याच्या नाण्यांवर चार अक्षरे ठोकली गेली: एस पी क्यू आर, सेनेट आणि रोमन जनता. किती तरी नाण्यांवर हा ठसा त्याच्या मानेवर, गालावर बसला आहे. पितळ वितळवायला वेळ नव्हता, माणूस मात्र तातडीने बदलायचा होता. कॅलिगुलाच्या बाबतीत उलटे झाले. सेनेटने त्याची तांब्या-पितळेची नाणी वितळवायचा ठराव केला, आणि तरीही ती आज सापडतात, म्हणजे लोकांनी ती काही सगळी आणून दिली नाहीत. तत्त्वज्ञ एपिक्टेटस माणसाची पारख सांगताना हाच दाखला घेतो: सेस्टर्शियसवर कुणाचा छाप आहे, ट्राजनचा असेल तर घे, नीरोचा असेल तर फेकून दे. तो स्वतः गुलाम म्हणून वाढलेला माणूस. हातात आलेले नाणे उलटून कुणाचे तोंड आहे हे पाहायची त्याला सवय असणार. आणि २११ साली सम्राट काराकालाने भाऊ गेताला मारल्यावर आशियातल्या पेर्गामोनसारख्या शहरांत दोघा भावांची समोरासमोर तोंडे असलेल्या नाण्यांवरून गेताचा चेहरा तासून काढला. एका बाजूला काराकाला नीट, समोर खरवडलेला खड्डा. आपल्या समोर कोणी होते, हे त्या खड्ड्यामुळे काराकालाला विसरता येत नाही.

आता मी जूदियाकडे परत येते. ७० साली जेरुसलेम पडले. ७१ साली सम्राट व्हेस्पेशियनने पितळेचे ते नाणे काढले जे सगळ्या जगाला माहीत आहे: मध्ये खजुराचे झाड, त्याच्या खाली गुडघ्याशी वाकून रडत बसलेली स्त्री, बाजूला हात बांधलेला कैदी किंवा भाला घेतलेला सम्राट, कडेने ‘जूदिया कापता’, जूदिया जिंकली. एका देशाचा पराभव लाखो हातांत वाटला गेला. साठ वर्षांनी, १३२ मध्ये, बार कोखबाच्या नेतृत्वाखाली ज्यू पुन्हा उठले. त्यांच्याकडे टांकसाळ होती, धातू नव्हता. मग त्यांनी रोमन नाणी घेतली, मोठ्या तांब्याच्या नाण्यांचे तोंड कानशीने घासले, हातोडीने चेपले, आणि त्यावर आपला ठसा मारला. बार कोखबाचे एकही नाणे कोऱ्या चकतीवर नाही; प्रत्येक नाणे कुठल्या ना कुठल्या रोमन नाण्याच्या अंगावर आहे. कित्येकांवर नीट पाहिले तर नव्या अक्षरांखालून सम्राटाचे नाक, कान डोकावतात. आणि त्यांच्या तांब्याच्या नाण्यावर त्यांनी काय घातले? सात फांद्यांचे खजुराचे झाड. रोमने ज्या झाडाखाली त्यांची बाई रडताना बसवली, तेच झाड, आता त्याखाली कुणीही बसलेले नाही. तीन वर्षांनी हे राज्य बुडाले. पण नाण्यातून दिलेले याहून ठाम उत्तर मला ठाऊक नाही.

हे फार दूरचे वाटत असेल तर नाशिककडे वळा. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला डोंगर आणि उज्जैनचे चिन्ह ठोकले होते. नहपानाच्या नाकावर डोंगर, गालावर चार वर्तुळे. धातू वेगळा, देश वेगळा, पण हाताची भाषा तीच. रोमन चेहरा आपल्या वायव्येलाही आला होता: पहिल्या शतकात कुशाण राजा कुजुल कडफिसेस याने तांब्याच्या नाण्यावर थेट ऑगस्टससारखे डोके घातले आणि मागे रोमन दंडाधिकाऱ्याच्या घडीच्या आसनावर स्वतःला बसवले. आमच्या धाराशिवजवळच्या तेरमध्ये तर रोमन नाण्याचा छाप मातीवर उठवून केलेली पदके सापडली, गळ्यात घालता येतील अशी. तेरच्या ज्या बाईने ते पदक गळ्यात घातले तिला टायबेरियस कोण हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. चेहरा छान दिसत होता, एवढे पुरे.

रोमचे पितळ पुढे आटत गेले. तिसऱ्या शतकात चांदीत भेसळ इतकी झाली की सेस्टर्शियस पाडणे परवडेना. गॉलमध्ये सम्राट पोस्टुमुसने दीडशे वर्षे जुन्या झिजक्या नाण्यांवरच आपले तोंड मारले. चौथ्या शतकातली बारीक तांब्याची नाणी तामिळनाडूत आणि श्रीलंकेत ढिगांनी मिळतात, इतकी झिजलेली की सम्राट ओळखू येत नाही.

शेवटचे नाणे. १५४-१५५ साली सम्राट अँटोनायनस पायसने तांब्याचा एक आस काढला. मागे ब्रिटानिया, खडकावर बसलेली, डोके एका हातावर टेकलेले, ढाल बाजूला ठेवलेली. जूदियाच्या बाईची ही लांबची बहीण. हे नाणे मुख्यतः ब्रिटनमध्येच सापडते. (१६७२ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने हीच ब्रिटानिया आपल्या तांब्याच्या नाण्यावर बसवली, पण आता ताठ मानेने.) उत्तर ब्रिटनमधल्या हेड्रियनच्या भिंतीला लागून कॅरोबर्ग इथे कोव्हेन्टिना नावाच्या जलदेवतेची विहीर होती. १८७६ साली ती उपसली तेव्हा आत हजारो नाणी निघाली, आणि त्यांत हा खिन्न ब्रिटानियाचा आस तीनशेहून अधिक वेळा.

ती नाणी कुणी टाकली? काही छावणीतल्या शिपायांनी टाकली असणार, घरापासून दूर, उत्तरेच्या थंडीत. काही आसपासच्या गावांतल्या बायांनी, मूल बरे व्हावे म्हणून, गाय सापडावी म्हणून. गाडी गोदावरीच्या पुलावर चढली की माझी आई बटव्यातले नाणे खिडकीतून टाकायची. टाकण्याआधी त्यावर काय छापले आहे हे तिने कधी पाहिले नाही. अंगठ्याने एकदा पुसायची, कपाळाला लावायची आणि सोडून द्यायची. त्या विहिरीतले कित्येक आस मी काचेमागून पाहिले आहेत. पाण्यात पडले म्हणून ते बाजारात झिजले नाहीत. ब्रिटानियाच्या गालाला टेकलेली बोटे अजून मोजता येतात.